न उघडणाऱ्या फायलींमधली आत्या

आत्याच्या तोंडात तेव्हा निम्मेच दात उरले होते आणि तेही एकमेकांना धरून उभे होते. अंबरनाथच्या दातांच्या डॉक्टरने सगळे काढून कवळी बसवायला सांगितली. आत्या तयार झाली, पण तिने उलट डॉक्टरलाच अट घातली. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं लग्न पार पडेपर्यंत एकाही दाताला हात लावायचा नाही. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला हळदीचं मटण सोडवत नाही.

प्रश्न मटणाचा नव्हता. आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाच्या हळदीला धवले म्हणायची रीत आहे आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिचं म्हणणं झाल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. अंबरनाथपासून खरवईपर्यंतच्या गावांत आत्याने किती नवरे पिवळे केले ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दात गेले की शब्द सांडणार, म्हणून पुतण्याच्या हळदीचा धवला हा तिचा शेवटचा. आणि तो तिला टीव्हीवर हवा होता.

मी म्हटलं, एवढंच ना, व्हिडिओवाला येणारच आहे, बघ की मग पोटभर.

"बघायचा नाय, ऐकायचा हाय मना," ती म्हणाली. "बघून बघून कंटाला आलाय."

तिचं दुखणं खरं होतं. आमच्याकडच्या व्हिडिओवाल्यांची कामाची एक पद्धत ठरलेली होती. हळदीचं चित्रण करायचं, दुकानावर जाऊन मूळ आवाज बंद करायचा आणि वरून सिनेमाची गाणी ओतायची. लोकांना तेच आवडायचं. त्यामुळे पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नाच्या कॅसेटमध्ये आत्या होती, हातात हळदीचं ताट, नाकात नथ, तोंड उघडं, आणि त्या तोंडातून मुंबईच्या कुठल्यातरी कोवळ्या पोरीचा आवाज यायचा. एका कॅसेटमध्ये तर ती पुरुषाच्या आवाजात गात होती. ती कॅसेट लागली की पोरं मुद्दाम तिला हाका मारून बोलवायची.

"तू यवरा धंदेवाला," ती मला म्हणाली, "येक काम कर. माझा आवाज माझ्याच तोंडात ठेव."

मी शब्द देऊन बसलो. व्हिडिओवाल्याला सांगून उपयोग नव्हता, तो तोंडावर हो म्हणाला असता आणि गाणी टाकली असती. तेव्हा नुकतेच कॅसेटऐवजी आत हार्ड डिस्क असलेले कॅमेरे बाजारात आले होते. कॅसेट बदलायची भानगड नाही, तासन् तास चित्रण चालतं, मग ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि घरच्या घरी कापायचं, जोडायचं. कॉम्प्युटर माझ्याकडे होता. मी ठरवलं, आपणच कॅमेरा घ्यायचा.

माझी ओळख इथेच करून देतो. मी खरवईचा, पण तोवर बदलापुरात कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. धंदा रेती, विटा, सिमेंट पुरवायचा. सुरुवात दुसऱ्याच्या टेम्पोवर विटा उचलून झाली, शेवट स्वतःच्या गाड्यांवर झाला, आणि मधलं सगळं अंतर मी भाव करत कापलं. बायको म्हणते, दोन इंजेक्शनं एकदम घेतली तर पैसे कमी होतील का, असं मी डॉक्टरला विचारलं होतं. विचारलं होतं. त्यात चुकलं काय ते ती अजून सांगू शकलेली नाही.

कॅमेरा घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर ढकललेला. उल्हासनगरच्या दुकानदाराबरोबर भाव करणं म्हणजे बरोबरीच्या पैलवानाशी कुस्ती, अंगाला माती लागली तरी मन खूश होतं. चहा आला, गेला, पुन्हा आला. मी उठून निघालो, त्याने मला पायरीपर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारली. शेवटी भाव एका जागी येऊन रुतला. तो खाली येईना, मी वर जाईना. मग मी स्टँड मागितला, कॅमेरा उभा करायचा तिपाई स्टँड. तो म्हणाला, स्टँड वेगळा. मी खोक्यात हात घातला आणि मला नको असलेल्या वस्तू काढून काउंटरवर मांडायला लागलो. पहिल्यांदा हाताला एक सीडी लागली.

मी विचारलं, यात काय? तो म्हणाला, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आहे साईं, पिक्चर उतरवायला. मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये एडिटिंगचा प्रोग्रॅम फुकट आलेला आहे, ही सीडी तू ठेव आणि स्टँड मला दे.

त्याने सीडी उलटसुलट केली, क्षणभर विचार केला, आणि स्टँड काढून दिला.

त्याच्या त्या क्षणभराच्या विचाराचा मला आजही राग आहे. त्याला माहीत होतं. माणूस तोंड उघडून सांगतो की साईं, ही सीडी नेली नाहीत तर रडाल. पण मी तेव्हा स्टँड खांद्यावर टाकून असा उतरलो की जणू त्याचं दुकानच उचलून चाललोय.

हळद खरवईला, भावाच्या अंगणात झाली. व्हिडिओवाला आपल्या दिव्यांसकट आला होता, त्याला मी नवरदेवाच्या मित्रांकडे पिटाळला. आत्यासमोरची जागा माझी. पोरं स्टँडला धडकतील म्हणून मी कॅमेऱ्याला डोळा लावून मागे पाय रोवून उभा राहिलो आणि घाणा भरण्यापासून सुरुवात केली. आंब्याची पानं बांधलेलं मुसळ बायका उखळात घालत होत्या आणि प्रत्येक घावाला आत्या एकेक ओळ सोडत होती. मग हळद. धवल्यात हळद आधी देवाला लागते, मग गावदेवीला, मग घरातल्या माणसांना. बापाची हळद, आईची हळद, काकाची, मामाची. कडवं तेच, माणूस बदलला की नाव बदलतं. ज्याचं नाव येतं तो नुसता बसलेला असला तरी जरा ताठ होतो. दात दुखत असल्यामुळे आत्या डाव्या बाजूने तोंड जास्त उघडत होती, पण आवाज असा लागला होता की पलीकडे भांडी घासणाऱ्या बायकांनीही हात थांबवले. मी एक सेकंद सोडला नाही. तिचा खोकलासुद्धा घेतला.

लग्नानंतर आत्याने शब्द पाळला आणि दात काढून घेतले, सगळे. हिरड्या भरेपर्यंत कवळी नाही, असं डॉक्टर म्हणाला. म्हणजे आता तो धवला पुन्हा होणे नाही. जो काही होता तो माझ्या कॅमेऱ्यात.

मी कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. फायली उतरल्या. त्यांची नावं बघून मी जरा चमकलो, नावाच्या शेवटी भलतीच तीन अक्षरं होती. एडिटिंगच्या प्रोग्रॅमला सांगितलं, घे. त्याने घेतल्या नाहीत. असली फाईल मी ओळखत नाही, असं त्याने इंग्रजीत कळवलं. मी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा तेच कळवलं. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर आत्या व्यवस्थित गात होती आणि कॉम्प्युटरच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर ती उघडायलाच तयार नव्हती. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघे एकाच गावचे, पण एकमेकांची भाषा कळत नाही, असा तो प्रकार.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा बगलेत मारून मी उल्हासनगरला. दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर मी आवाज चढवला की बिघडलेला माल दिलास. त्याने शांतपणे कॅमेरा हातात घेतला, बटण दाबलं, आणि आत्या त्याच्या दुकानात गायला लागली. ती चार माणसंही वाकून बघायला लागली.

"कॅमेरा एकदम फर्स्ट क्लास आहे, साईं," तो म्हणाला. "याची फाईल बदलायला प्रोग्रॅम लागतो. सीडीत होता."

"मग दे ती सीडी."

"ती गेली. दुसऱ्या पार्टीने मागितली, देऊन टाकली. तुम्हीच तर बोलले ना, नको."

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मी चहा न पिता उतरलो, तो माझा त्या दिवसातला एकमेव विजय.

मग मी इंटरनेटवर शोधलं. फायली बदलून देणारे प्रोग्रॅम परदेशातल्या कंपन्या विकत होत्या, आणि नमुना म्हणून फुकट वापरायलाही देत होत्या. मला तेवढंच वाचायचं होतं. एक नमुना उतरवून घेतला, आत्याला त्यात टाकलं आणि बदलायला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पायाने पुढे सरकायला लागली. बदलापूरला तेव्हा भारनियमन जोरात होतं. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली की लाईट जायची, आणि आली की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. लाईट जायच्या वेळा ठरलेल्या होत्या, पण लाईटवाले त्या पाळत नव्हते. माझी अवस्था अशी झाली की पंखा मंद झाला तरी मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. बायको म्हणाली, अहो, पोरगी झाली तेव्हा दवाखान्याबाहेर एवढ्या फेऱ्या मारत नव्हतात.

एका रविवारी पट्टी टोकाला पोचली. फाईल उघडली. आवाज खणखणीत, चित्र स्वच्छ, आणि चित्राच्या बरोबर मध्यभागी कंपनीचं नाव, जाड इंग्रजी अक्षरांत. फुकट नमुन्याचा तो शिक्का होता. कॅमेरा मी आत्याच्या चेहऱ्यावर रोखलेला असल्यामुळे तो शिक्का नेमका तिच्या तोंडावर बसला होता. आजवर तिच्या तोंडावर दुसऱ्याचा आवाज होता, आता आवाज तिचा होता तर तोंडच नव्हतं.

शिक्का काढायचा तर प्रोग्रॅम विकत घ्यायचा, तोही डॉलरमध्ये. भाव लिहिलेला होता. माझ्या मते लिहिलेला भाव म्हणजे बोलणं सुरू करायची जागा. मी कंपनीला ई-मेल लिहिला. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, पण भाव करायला ते पुरतं. मी लिहिलं की आमच्या भागात दर उन्हाळ्यात शेकड्यांनी लग्नं होतात, मी पार्टी आणून देईन, शेवटचा काय तो भाव सांगा. लगेच उत्तर आलं. तुमच्या पत्राबद्दल आभारी आहोत, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, आमचा माणूस लवकरच बोलेल. मला बरं वाटलं. विकणारा गोड बोलायला लागला म्हणजे हलला.

मी निम्मा भाव कळवला. पुन्हा आभार आले, पुन्हा म्हणणं महत्त्वाचं. मी ओळखलं की हा मुरलेला आहे, आकडा तोंडातून काढत नाही. मी जरा वर गेलो. पुन्हा आभार. मग मी कडक झालो आणि लिहिलं की तुमच्यासारखे दहा प्रोग्रॅम पडलेत, हे माझं शेवटचं. पुन्हा आभार. बायको भाजी निवडत मागे उभी होती. तिने ती सगळी पत्रं एकाखाली एक वाचली आणि म्हणाली, अहो, हे सगळं एकच पत्र आहे. ते मशीन पाठवतंय. तुम्ही आठवडाभर मशीनशी भाव करताय.

मी म्हटलं, म्हणूनच हलत नव्हता. ती भाजी घेऊन आत गेली आणि आतून बराच वेळ तिचं हसणं ऐकू येत होतं.

इकडे आत्याचे फोन सुरू झाले होते. दात नसल्यामुळे फोनवर तिचं निम्मं बोलणं हवेतच जायचं, पण मुद्दा कळायचा. झाला का. का नाय झाला. बाकीच्यांना सांगून बसलीय मी. तिने तिच्या ओळखीच्या सगळ्या धवलारणींना आमंत्रणं देऊन ठेवली होती, त्यात अशीही एक होती जिच्याशी तिचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. ती आली आणि व्हिडिओवाल्याच्याच कॅसेटवर भागवावं लागून परत कोवळ्या पोरीचा आवाज निघाला तर आत्याने मला खरवईत पाय ठेवू दिला नसता.

शेवटी मी पुन्हा उल्हासनगरला गेलो. या वेळी आवाज चढवला नाही, चहा पण प्यायलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मी अडलोय. अडलेलं गिऱ्हाईक मलाही दुरून ओळखू येतं, म्हणून त्याची नजर मला झोंबली. तो म्हणाला, एक ट्रिक आहे. प्रोग्रॅम नको, काही नको, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, सांग.

"स्टँड परत द्या, साईं," तो म्हणाला. "सांगतो."

गाडीत होता स्टँड. आणून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो दुकानात आत ठेवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि सांगितलं. फाईल आतून साधीच आहे. कंपनीने फक्त नावाच्या शेवटी आपली तीन अक्षरं लावलीत. ती पुसून नेहमीच्या व्हिडिओची तीन अक्षरं लिही. बस.

तीन अक्षरांसाठी माझा स्टँड गेला. अक्षराला एक पाय असा भाव पडला. घरी येईपर्यंत मी त्याला मनात किती बोललो ते माझं मलाच माहीत, आणि घरी येऊन तीन अक्षरं बदलली तर आत्या उघडली. शिक्का नाही, काही नाही, तोंड स्वच्छ, नथ चमकतेय. एडिटिंगच्या प्रोग्रॅमने तिला निमूटपणे आत घेतलं. मी बायकोला हाक मारली. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो, मी बटण दाबलं, आणि आत्या गायला लागली.

आवाज नव्हता.

स्पीकर तपासले, वायर हलवल्या. स्पीकरची चूक नव्हती. त्या फुकटच्या प्रोग्रॅमला चित्र कळत होतं, कॅमेऱ्याचा आवाज कळत नव्हता. आत्या तोंड उघडत होती, मिटत होती, ताट हलवत होती, आणि घरात फक्त पंख्याची घरघर. बायको या वेळी हसली नाही. तिने मला पाणी आणून दिलं, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजा.

मी कीबोर्ड आपटला. तो त्याआधीही एकदा आपटलेला असल्यामुळे त्याचं एक बटण उडून कपाटाखाली गेलं. ते काढायला मी जमिनीवर पालथा पडलो होतो तेव्हा मला धंद्यातली गोष्ट आठवली. एकाच माणसाकडून रेती आणि विटा दोन्ही घेऊ नयेत. ज्याची रेती चांगली त्याची रेती घ्यावी, ज्याची वीट चांगली त्याची वीट.

परदेशी कंपनीच्या फुकट नमुन्यातून निघालेल्या फायलीत चित्रावर शिक्का होता, पण आवाजावर शिक्का कुठे होता? आवाज तर खणखणीत होता. आणि तीन अक्षरं बदललेल्या फायलीत आवाज नव्हता, पण चित्र स्वच्छ होतं. मी चित्र एकाचं घेतलं आणि खालच्या पट्टीत आवाज दुसऱ्याचा टाकला. दोघांनाही काही द्यावं लागलं नाही. त्या दोघांना एकत्र आणणारा मी एकटा, आणि माझी दलाली तेवढी राहिली.

दलाली राहिली ती राहिलीच, वर काम वाढलं. आवाज आणि चित्र जुळेनात. आत्याने तोंड मिटल्यावर सूर यायचा. थोडं सरकवलं की आधी सूर यायचा आणि मग ती तोंड उघडायची. शेवटी मला मुसळ सापडलं. घाण्याच्या वेळी मुसळ उखळात पडतं ते दिसतंही आणि त्याचा धप्प आवाजही येतो. मी चित्रातला घाव आणि आवाजातला धप्प एकावर एक आणून बसवले आणि आत्याचं तोंड आपोआप जागेवर आलं. पण पुढे पुढे आवाज पुन्हा हळूहळू घसरायचा, म्हणून प्रत्येक कडव्याला तोडून पुन्हा बसवायचा. जिथे मुसळ नव्हतं तिथे तिचे ओठ बघायचे. ओठ मिटून उघडणारं अक्षर आलं की तिथे पकडायचं. दुपारी गाड्या रिकाम्या झाल्या की मी तेच करत बसायचो. विटा जशा ओळंब्यात घेतात तसं एकेक कडवं ओळंब्यात घेतलं.

अशा कामात माणूस एकच ओळ इतक्यांदा ऐकतो की झोपेतही म्हणेल. बापाची हळद ऐकली, आईची ऐकली, सगळी नावं पाठ झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं की एक नाव नाही.

माझं नाव नाही.

मी नवरदेवाचा सख्खा काका. मांडवासाठी विटा-रेती काय, पाण्याचा टँकर काय, आचाऱ्याशी भांडण काय, सगळं मी केलं. नवऱ्याच्या आईचं कडवं संपतं, पुढे काकाचं यायला हवं, आणि आत्या सरळ मामावर जाते. नवऱ्याच्या मामाच्या मेहुण्याला हळद आहे. तो माणूस हळदीला आला तोच मुळी जेवणाच्या वेळेला. मी फायली पुन्हा तपासल्या, मूळ कॅमेऱ्यात पाहिलं, कुठे काही गळालेलं नव्हतं. मी इतके दिवस ज्या आवाजासाठी लाईटशी, मशीनशी आणि सिंध्याशी भांडलो त्या आवाजात मीच नव्हतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही टाका की मधे घालून, तुम्हाला आता जमतंय. पण माझं नाव आत्याच्या तोंडून कुठेच निघालेलं नव्हतं, मग घालायचं काय? तसंच ठेवलं. डीव्हीडी केली आणि अंबरनाथला आत्याच्या मुलाच्या घरी घेऊन गेलो. मनात ठरवलं होतं की आधी काही बोलायचं नाही, तिच्या लक्षात येतंय का बघायचं.

धवलारणींना तिने दुसऱ्या दिवशीचं सांगितलं होतं. आधी तिला एकटीला बघायचं होतं. घरात ती, तिची सून आणि मी. डीव्हीडी लावली. घाणा सुरू झाला, मुसळ पडलं, आणि आत्याच्या तोंडातून आत्याचा आवाज आला. तिने पदर तोंडाला लावला, हिरड्या दिसू नयेत म्हणून, आणि शेवटपर्यंत मान हलवत राहिली. संपल्यावर म्हणाली, चांगलं केलंस बाला. माझ्या नावाचं काही नाही. मग मलाच राहवलं नाही. मी विचारलं, काकाचं कडवं कुठे आहे?

ती म्हणाली, म्हनलं असंन. मी म्हटलं, नाही म्हटलंस. ती म्हणाली, मग तूच कापलंस, तू पन शेवटी व्हिडिओवालाच.

हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिचा खोकला मी ठेवला होता. मी पिशवीतून कॅमेरा काढला, तिच्या टीव्हीला वायर लावली आणि मूळ चित्रण नेमक्या जागेवर आणून ठेवलं. नवऱ्याच्या आईचं कडवं संपलं. टीव्हीतल्या आत्याने मान वर केली, मांडवावरून नजर फिरवली, बसलेल्या एकेका माणसावर ती नजर थांबत गेली, आणि मग तिने मामाला सुरुवात केली.

आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "तू कुठं व्हतास?"

"कॅमेऱ्याच्या मागे. तुझ्यासमोर."

"मग मना दिसशील कसा? तिथं काली नली व्हती, तुझं तोंड नव्हतं. समोर दिसंल त्याला हलद."

मी म्हटलं, ठीक आहे, मग आता म्हण. एकच कडवं. मी इथेच रेकॉर्ड करतो आणि मधे जोडतो. दात नाहीत तर नाहीत, मी चालवून घेईन. ती नाही म्हणाली. मांडव नाही, नवरा नाही, हळद नाही, धवला म्हणायचा कुणाला, असं घरात बसून म्हणत नाहीत. मी म्हटलं, निम्मं म्हण. नाही. मी म्हटलं, तुला एकवीरेला गाडीने नेतो, पायऱ्या चढताना माणूस देतो. तिने विचार केल्यासारखं दाखवलं आणि नाही म्हणाली. नुसतं बोलून दाखव म्हटलं, तर म्हणाली, ते काय विटांचं बिल हाय वाचून दाखवायला? माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिचं लग्न काढ, आत्या म्हणाली, मग बघू.

आयुष्यात मी पुष्कळांशी भाव केला. ज्याला विकायचंच नाही त्याच्याशी भाव करण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. माझं डोकं तापलं. मी वायर गुंडाळायला लागलो.

"बस खाली," ती म्हणाली. "परत लाव. पयल्यापासून."

मी धुसफुसत लावली. या वेळी आत्याने मान हलवली नाही. पदर तोंडावरून खाली आला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. पहिल्यांदा बघताना ती टीव्हीतल्या बाईबरोबर मनात गात होती, आता नुसती ऐकत होती. इतकी वर्षं ती गात आली, दुसरे ऐकत आले. आपला आवाज समोरून कसा येतो हे तिला कधी कळलंच नव्हतं. सून चहा घेऊन आली तर तिने हाताने थांब म्हणून खूण केली.

काकाची जागा आली आणि गेली. टीव्हीतली बाई मामावर गेली. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाई चांगली म्हनते रं." आणि जरा वेळाने, "पन तुझं नाव घ्याया पायजे व्हतं तिनं."

एवढ्यावर मिटवायला मी तयार नव्हतो, आणि तसं मी तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, गप बस, ऐकू दे.